पाण्याखालचा बांध

भांडायला जमीन लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा मोरवड्याला येऊन जावं. मोरवड्याची सगळी शेतं सोनवीसागर धरणाच्या पाण्याखाली गेली, त्याला पन्नासेक वर्षं झाली. पण त्यामुळे उतेकरांच्या भाऊबंदकीचं काही अडलं नाही. शेत बुडालं, शेताचा बांध बुडाला, बांधाच्या टोकाची जांभूळ बुडाली. भांडण तेवढं कोरडं वर आलं आणि गावाबरोबर डोंगर चढून नव्या मोरवड्यात राहायला लागलं.

सध्या ते सुभद्रा आणि श्रीपती या दोघांच्या वाट्याला आलं होतं. दोघं सख्खी चुलत भावंडं, साठीच्या अलीकडे-पलीकडे. जलाशयाची एक लांबट बगल डोंगरात शिरली होती, तिच्या एकाच काठावर दोघांचे बोटिंगचे कॅम्प शेजारी शेजारी. शनिवार-रविवारी पुण्याची मंडळी येत, तंबूत राहत, कयाक वल्हवत, पायडलच्या हंसबोटीत बसून फोटो काढत. सुभद्राचा नवरा दिनकर घरजावई होऊन आला तो थेट चुलीपुढेच बसला होता. त्याच्या हातचं पिठलं-भाकरी खाऊन ती मंडळी तृप्त होऊन परत जात. दोन्ही कॅम्पांच्या मधे पाण्यावर नारिंगी गोळ्यांची एक दोरी तरंगत असे. अलीकडे सुभद्राचं पाणी, पलीकडे श्रीपतीचं. सुभद्रा एखाद्या सकाळी ती दोरी हातभर पलीकडे सरकवी. श्रीपती ती हातभर अलीकडे आणी, आणि आणण्याचे कष्ट पडले म्हणून आणखी वीतभर. आपण फक्त आपला हक्क राखतो, अशी दोघांचीही अगदी प्रामाणिक समजूत होती.

मूळ वाद त्यांच्या वडिलांचा. श्रीपतीचे वडील म्हादू थोरले, त्यांना सगळे आबा म्हणत. सुभद्राचे वडील ज्ञानू, म्हणजे तात्या. दोघा भावांच्या वाटण्यांमधे एक दगडी बांध होता. आबा म्हणायचे, ज्ञानूने बांध कोरून माझं रान खाल्लं. तात्या म्हणायचे, दादाची नजरच तिरकी आहे. कचेरीतून मोजणीदार यायचा होता, पण त्याच्या आधी धरणाचं पाणी आलं आणि मोजायला काही उरलं नाही.

पुढे ते भांडण विझतही आलं होतं. सुभद्राला सख्खा भाऊ नव्हता. ती दर भाऊबिजेला श्रीपतीला ओवाळायची आणि तोही हौसेने ताटात ओवाळणी घालायचा. पण तात्या गेले तेव्हा श्रीपती खांदा द्यायला आला आणि तिरडी उचलता उचलता बोलून गेला, "तात्याला म्हणावं, वर गेल्यावर तरी देवाचा बांध कोरू नगंस." चार माणसं हसली. सुभद्राने ते ऐकलं, आणि त्या दिवसापासून तिने दादाशी बोलणं टाकलं. भाऊ नसलेल्या बायका करतात तसं ती भाऊबिजेला अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळू लागली. आपला बाप बांधकोऱ्या नव्हता, एवढं एकदा सिद्ध व्हावं आणि ते श्रीपतीच्या तोंडून गावासमोर वदवून घ्यावं, याच एका गोष्टीसाठी तिचा जीव अडकला होता. पण तीस फूट गढूळ पाण्याखालचं सिद्ध कोण करणार?

मग डॉक्टर रेवा सबनीस आली.

रेवा पुण्याच्या एका संशोधन संस्थेतली. सुभद्राच्या कॅम्पवर उतरली आणि पहिल्याच संध्याकाळी तिने धरणाचं पाणी काचेच्या ग्लासात भरून सगळ्यांसमोर ठेवलं. पाणी नेहमीसारखं चहाच्या रंगाचं.

"हा ग्लास महिनाभर हलवला नाही तरी हे पाणी पुरतं निवळणार नाही," रेवा म्हणाली. "यातले मातीचे कण फार बारीक आहेत. त्यात प्रत्येक कणावर ऋण विद्युतभार आहे, आणि सारखे भार एकमेकांना ढकलतात. दोन कण जवळ आले की लगेच लांब पळतात. एकत्र येत नाहीत म्हणून जड होत नाहीत, आणि जड होत नाहीत म्हणून खाली बसत नाहीत."

"म्हंजी उतेकरच की," दिनकर चुलीपुढून म्हणाला. सुभद्राने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने तोंड पिठल्यात घातलं.

रेवाने ग्लासात दोन थेंब टाकले आणि चमच्याने हलकेच ढवळलं. पूर्वीच्या बायका गढूळ पाण्याच्या माठात निवळीचं बी उगाळायच्या, त्याच बियातलं हे प्रथिन, असं तिने सांगितलं. त्याच्यावर धन भार असतो. ते मधे पडलं की इकडच्या कणालाही धरतं आणि तिकडच्याही. मग त्यांचे पुंजके होतात आणि पुंजके आपल्या वजनाने तळाला जातात. जेवणं होईपर्यंत ग्लासातलं वरचं पाणी नितळ झालं होतं. रेवाच्या संस्थेने हे प्रथिन यीस्टकडून तयार करून घेतलं होतं आणि ते बारीक धाग्यांवर चढवलं होतं. असे हजारो धागे खाली सोडलेले तराफे जलाशयावर तरंगत ठेवायचे. धाग्यांवर गाळाचे पुंजके धरले की सौरविजेचा हलका झटका बसे, पुंजके सुटून तळाला जात आणि धागे पुन्हा कामाला मोकळे होत. गाळाने वीजघराची पाती झिजतात, ती वाचावीत यासाठी सगळा खटाटोप. तळ दिसेल हा त्याचा आगंतुक फायदा.

"पण पाणी फार स्वच्छ झालं तरी पंचाईत असते बरं का," रेवा म्हणाली. "ऊन तळापर्यंत पोचलं की तिथं नको ते उगवायला लागतं."

तिच्या मनात पाणवनस्पती होत्या. मोरवड्यात दुसरंच उगवलं.

दिवाळीनंतर तराफे सोडले. संक्रांतीला काठाजवळचे गोटे दिसू लागले. फाल्गुनात पाणी उतरलं तसं अख्खं जुनं मोरवडं काचेखाली ठेवल्यासारखं स्वच्छ दिसायला लागलं. उंबरे, चुली, पाणंद, देवळाचा चौथरा, सगळं. पुण्याची मंडळी तर वेडीच झाली. काचतळाच्या होड्या आल्या, पाण्यावर पालथं पडून नळीने श्वास घेत तळ बघणारे आले, तंबूंना जागा पुरेना. गावातली म्हातारी माणसं, जी इतकी वर्षं पाण्याकडे पाठ करून बसायची, ती नातवंडांना होडीत घालून आपल्या घराचा उंबरा दाखवायला निघाली. कोणी हसत परत आलं, कोणी डोळे पुसत, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलं.

आणि मग मोरवडं मोरवड्यासारखं वागू लागलं. म्हातारे वसंतनाना देवळावरून जाणाऱ्या प्रत्येक होडीला चपला काढायला लावू लागले. एका बाईला आपलं हरवलेलं जातं शेजारणीच्या परसात पडलेलं दिसलं. त्या दोघी आता नव्या गावातही एकमेकींकडे विरजण मागत नव्हत्या. एकाने तर कयाक थांबवून पोहे खात बसलेल्या जोडप्याला हाकललं, "आमच्या रानात होडी लावायची न्हाय!" ती बिचारी चहूकडे पाणी बघून कुठलं रान ते शोधत राहिली.

उतेकरांचा बांध बगलेच्या तोंडाशी होता. तिथलं पाणी सगळ्यांत शेवटी निवळायला लागलं, आणि शिमग्याच्या दिवशी श्रीपती दोरीपाशी येऊन उभा राहिला. त्याने हाक मारली ती मात्र दिनकरला.

"दिनकरराव, तुमच्या मालकिणीला सांगा, येत्या रविवारपत्तुर बांध दिसंल. तात्याची करणी समद्या गावाला दावतो!"

सुभद्रा चार हातांवरच होती. "अहो, त्यास्नी सांगा," ती दिनकरला म्हणाली, "खुशाल दावा म्हणावं. खोटं कोन बोलत हुतं ते बी दिसंल."

दिनकर हातात पळी घेऊन दोघांच्या मधे उभा होता. "ऐकलं का दोघांनी?" त्याने विचारलं. "का परत सांगू?"

गाव जमलं. सरपंच रेश्मा जंगमने दोघांना समोर बसवून निकाल लावला. रविवारी दहा वाजता सगळ्या गावाने होड्या काढायच्या आणि बांध बघायचा. ज्याच्या बापाने बांध कोरला असेल त्याने गावासमोर "चुकलं" म्हणायचं आणि गावजेवण घालायचं. "आन् त्यानंतर हा इषय काढंल त्याला मी धरणात बुडवीन," असंही रेश्माने सांगितलं. दोघंही खुशीने कबूल झाले.

रविवारी उजाडता उजाडता सुभद्रा उठली. गावाच्या आधी आपण एकदा डोळे भरून बघून यावं, एवढंच तिच्या मनात होतं. बापाचा सरळ, नेटका बांध. मग दहा वाजता ताठ मानेने होडीत बसता येईल. मोटार लावली तर आवाज होईल म्हणून तिने जुनी लाकडी होडी घेतली आणि वल्ही अलगद मारत निघाली. पाण्यावर धुकं होतं. जांभळीचं खोड तिला ओळखू आलं, तिथून तिने बांध धरला आणि खाली वाकून बघितलं.

बांध सरळ नव्हता.

जांभळीपासून निघालेला तो दगडी बांध थोडा पुढे जाऊन आबांच्या शेतात पोट काढून घुसला होता. गर्भारशीसारखा फुगला होता. कुठल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं की एकेक दगड उचलून कोणीतरी तो पलीकडे ढकलत नेला आहे. पाण्याच्या ओढीने बांध असे सरकत नाहीत, माणसाच्या हाताने सरकतात. बांधाच्या दोन्ही बाजूंना तराफ्यांनी बसवलेला गाळ साईसारखा पसरला होता, त्यात ते दगड आणखीच उठून दिसत होते.

सुभद्राने वल्ही आत घेतली. तिला एकदम तात्यांचे गुडघे आठवले. ती लहान असताना तात्या कधीकधी पहाटेच घरी यायचे, गुडघ्यांना चिखल आणि हातात पहार. आईने विचारलं की म्हणायचे, रानडुकरं हाकायला गेलो होतो. पहारीने कोण डुकरं हाकतं? इतक्या वर्षांत हा प्रश्न तिच्या मनात एकदाही आला नव्हता. ती होडीतच रडली. बापाचा राग आला, आणि रागापेक्षा जास्त कीव आली. चार हात जमिनीसाठी पहाटेच्या गारठ्यात दगड ढकलणारा आपला बाप, आणि वर्षा-दोन वर्षांत ती सगळी जमीन पाण्याखाली.

मग तिला दहाची वेळ आठवली. सगळं गाव येणार, हसणार. तिरडीपाशी हसलेल्या चार माणसांच्या जागी आता चारशे. तिचं लक्ष होडीतल्या नांगराकडे गेलं. लोखंडी नांगर, त्याला लांब दोर. तळाला सोडून तो चार वेळा ओढला की साईसारखा गाळ ढवळून निघेल. हा थर उसवला तर आठवडाभर काही दिसणार नाही, असं रेवानेच एकदा सांगितलं होतं. आठवड्याने पुढचं पुढे. तिने नांगर उचलला.

तेवढ्यात धुक्यातून कचकच आवाज आला आणि एक भलामोठा पांढरा हंस तिच्या दिशेने येताना दिसला.

सुभद्राच्या हातून नांगर होडीतच पडला. हंस बांधाच्या दुसऱ्या टोकाच्या ओढ्याकडून येत होता. डोळे निळे, चोच लाल, आणि पोटात श्रीपती बसलेला. कानटोपी घालून, घामाघूम होऊन तो पायडल मारत होता. त्याच्या मांडीवर नांगर होता.

दोघांनी एकमेकांच्या नांगराकडे बघितलं.

"पन्नास वर्सांनी रान नांगराय आलीस व्हय गं?" श्रीपतीने विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो तिच्याशी थेट बोलत होता.

"आन् तू? हंसाला पानी पाजाय आनलास?"

सुभद्राला वाटलं, हा आता खाली बघणार आणि हसणार. त्यापेक्षा आपणच सांगावं. "बघ, बघून घे," ती म्हणाली. "तात्यानं कोरला बांध. तू म्हनत हुतास ते खरं हाय. जा, सांग समद्यांना."

श्रीपतीने हंसाच्या मानेवरून वाकून खाली बघितलं. बराच वेळ बघितलं. पण तो हसला नाही. त्याने कानटोपी काढली.

"सुभे," तो म्हणाला, "जरा वड्याच्या अंगाला चल."

तिने वल्ही उचलली. हंस पुढे, होडी मागे. धुकं विरत होतं. बांध खालून चालला होता. त्याचं पोट संपलं, थोडा सरळ गेला, आणि ओढ्याच्या जवळ त्याने पुन्हा पोट काढलं. पण या खेपेला उलट्या बाजूला, तात्यांच्या शेतात. इथलेही दगड एकेक करून सरकवलेले, तेवढ्याच निगुतीने.

"आबा पन?" सुभद्राने विचारलं.

"आबा पन. म्या अंधारातच बॅटरी घिऊन आलो, तवाच दिसलं. म्हनलं, ढवळून टाकावं. तेवढ्यात हिकडं कुनाची तरी चाहूल लागली, म्हनून आलो." श्रीपती हंसात अंग चोरून बसला होता. "तात्याची तिरडी उचलताना मी काय बोललो... आन् माझाच बाप हितं पोट वाढवून बसल्याला."

सुभद्रा त्याच्याकडे बघत राहिली. एक भाऊ पहाटे उठून जांभळीकडून खात होता, दुसरा ओढ्याकडून. दोघंही डुकरं हाकत होते. कधी एकमेकांना दिसले कसे नाहीत? आणि आता आपण दोरी हातभर सरकवायची, त्याने वीतभर जास्त. तिला हसू आवरेना. ती हसायला लागली तशी होडी डगमगली, आणि श्रीपतीने हंसाचा काठ घट्ट धरून आधी "पडशील, ए, पडशील" केलं आणि मग तोही हसायला लागला. निळ्या डोळ्यांचा तो हंस दोघांच्या मधे डुलत होता.

हसता हसता होडी मागे सरकली आणि बांधाच्या मधोमध येऊन थांबली. ऊन आता सरळ खाली उतरत होतं. बांधाच्या बरोबर मधे एक चपटा, रुंद दगड होता, अर्धा या शेतात आणि अर्धा त्या. तो जागचा तसूभर हललेला नव्हता.

"न्याहारीचा दगड," सुभद्रा म्हणाली.

हा दगड दोघांनाही ठाऊक होता. रोज सकाळी दोन्ही घरची न्याहारी याच दगडावर यायची, सुभद्रा एका दुरडीबरोबर आणि श्रीपती दुसरीबरोबर. दिवसभर एकमेकांशी न बोलणारे ते दोघे भाऊ भाकरी खायला मात्र त्या दगडावर पाठीला पाठ लावून बसायचे, आणि आबा न बोलता ठेच्याचा गोळा मागे सरकवायचे, कारण तात्यांना आबांच्या घरचाच ठेचा आवडायचा. बांध दोन्ही टोकांना खाल्ला दोघांनी. इथला एक दगड कोणी हलवला नाही.

"मग? ढवळायचं का ऱ्हाऊ द्यायचं?" श्रीपतीने विचारलं.

"ऱ्हाऊ दे," सुभद्रा म्हणाली. "बघू दे की गावाला."

दहाला गाव आलं. होड्या, कयाक, तराफे, मोटारीच्या टायरांच्या ट्यूब, जे तरंगेल त्यावर बसून आलं. मागोमाग पुण्याची मंडळी, रंगीत जाकिटं घालून. कोणी दिनकरकडून कांदाभजी बांधून आणली होती. सगळ्यांनी वाकून बघितलं. वसंतनाना म्हणाले, "आरं, हा तर साप झालाय!" आणि अख्ख्या बगलेत हशा पिकला. सुभद्राला वाटलं होतं तितकं ते हसू जिव्हारी लागलं नाही. ती स्वतःच त्यात होती.

"आता गावजेवन कुणी घालायचं?" सरपंच रेश्मा पेचात पडली. "जास्त कुणी खाल्लं?"

रेवाच्या होडीत ध्वनिलहरींनी तळाचा नकाशा काढणारं यंत्र होतं. "ते लगेच सांगता येईल," ती उत्साहाने म्हणाली. "मूळ बांधाची सरळ रेघ धरायची, दोन्ही बाजूंचं क्षेत्रफळ काढायचं. अगदी चौरस फुटांत येईल. हे बघा, आलंच..."

सुभद्राची होडी रेवाच्या होडीला खेटूनच होती. तिने हात लांब केला आणि आपला पंजा यंत्राच्या पडद्यावर ठेवला.

"ऱ्हाऊ दे बाई," ती म्हणाली. "तुमच्या यंत्राचे लई उपकार हायेत. पन एवढं नगं सांगू."

रेवाने तिच्याकडे बघितलं, मग श्रीपतीकडे. मग तिने सुभद्राचा हात न काढताच खालून बटण दाबून पडदा बंद केला.

"चुकलं," सुभद्रा मोठ्याने म्हणाली.

"चुकलं," श्रीपतीही म्हणाला, आणि आवाजात दम कमी पडला असं वाटून पुन्हा एकदा, डोंगरापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाला.

गावजेवण दोघांनी मिळून घातलं. पुरणाचा घाट दिनकरने घातला आणि पाहुण्या मंडळींनाही पंगतीत बसवलं. दुपारी पाण्याकाठी सगळे लवंडले होते तेव्हा सुभद्रा घरात गेली आणि निरांजन, सुपारी, अक्षता घालून ताट घेऊन आली. श्रीपती काठावर पाय पाण्यात सोडून बसला होता.

"आगं, फाल्गुन हाय," तो म्हणाला. "भाऊबीज कवाच झाली."

"लई वर्सांच्या राहिल्यात. आज एक करू. बस नीट."

तो पाटाशिवाय, ओल्या पायांनीच तिच्याकडे तोंड करून बसला. तिने कुंकू लावलं, ओवाळलं. वाऱ्याने वात हलली तशी त्याने दोन्ही हातांचा आडोसा केला.

"दर साली दिसायचा ह्यो दिवा," तो म्हणाला. "तू चंद्राला ओवाळायचीस तवा मी पलीकडं अंगनात हुबा असायचो. वाटायचं, जावं. मग वाटायचं, कुठल्या तोंडानं?"

सुभद्राने त्याच्या डोक्यावर अक्षता टाकल्या. श्रीपतीने खिसे चाचपले. खिशात काही नव्हतं. तो उठला, तसाच पाण्यात उतरला, आणि दोन्ही कॅम्पांच्या मधली ती नारिंगी गोळ्यांची दोरी सोडून, गुंडाळून घेऊन आला. पाणी निथळणारं ते भेंडोळं त्याने तिच्या ताटात ठेवलं. निरांजन विझलं, ताट वाकलं, आणि सुभद्राने ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं. चंद्राने इतक्या वर्षांत काहीच दिलं नव्हतं.